सोळा वर्षांवरील सिनेमा आणि तेरा वर्षांचा मुलगा

कोणता सिनेमा मुलांना दाखवायचा आणि कोणता नाही, हा प्रश्न प्रत्येक आईबापाला पडतो. शेजारच्या घरात तो एकदाच पडतो : मुलाच्या वयाला हे योग्य आहे का? आपल्या घरात अलीकडे तो दोनदा पडू लागला आहे. पहिला प्रश्न तोच, वयाचा आणि हयेचा. दुसरा असा की, मुलाला पाठवले तर त्याच्या मनावर काय परिणाम होईल, आणि नाही पाठवले तर बाहेरचे लोक त्याचा काय अर्थ काढतील? १४ फेब्रुवारी २०२५ ला ‘छावा’ प्रदर्शित झाला आणि हे दोन्ही प्रश्न आमच्या दस्तरखानावर एकदमच येऊन बसले.

आम्ही नागपुरात धंतोलीत राहतो. ज्यांनी नागपूर पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते, धंतोली ही सीताबर्डीला लागून असलेली जुनी, पांढरपेशी वस्ती. एका बाजूला रामकृष्ण मठ, दुसऱ्या बाजूला यशवंत स्टेडियम, आणि मधल्या गल्ल्यांत इतके दवाखाने की पायी चालायलासुद्धा गाड्यांमधून वाट काढावी लागते. भंडारा, गोंदिया, यवतमाळ, इतकेच काय, छिंदवाडा आणि बैतूलहूनही पेशंट इथे येतात. याच दवाखान्यांच्या भरवशावर आमचे औषधांचे छोटे दुकान चालते. सकाळी मुलांचे अब्बू काउंटरवर असतात, दुपारी मी. मोठा मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. धाकटी नऊ वर्षांची. वस्तीत आपल्या लोकांची घरे मोजकीच. मोमिनपुऱ्यात किंवा जाफरनगरात वाढणाऱ्या मुलाला जे प्रश्न उशिरा भेटतात, ते आमच्या मुलाला वर्गातल्या बाकावरच भेटतात. मला त्याची तक्रार नाही. त्याचे जिवलग मित्र याच वस्तीतले आहेत, आणि मराठी तो आमच्यापेक्षा चांगली बोलतो.

‘आपण मुसलमान आहोत म्हणून ना?’

सिनेमा लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच्या वर्गातल्या सात-आठ मुलांचा बेत ठरला. यानेही विचारले. मी म्हटले, आधी माहिती घेते. सेन्सॉर बोर्डाने आता ‘यूए’ प्रमाणपत्राचे तीन भाग केले आहेत : सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील आणि सोळा वर्षांवरील. ‘छावा’ला सोळा वर्षांवरील प्रमाणपत्र मिळालेले होते. याचा अर्थ बंदी नव्हे. याहून लहान मुलाला दाखवायचा की नाही, हे आईवडिलांनी ठरवायचे, एवढाच अर्थ. मी त्याला सांगितले, ‘तू तेराचा आहेस. हा सोळाचा आहे. नाही.’

‘काहून नाही? बाकी सगळे तेराचेच आहेत.’

‘त्यांच्या घरचे ठरवतील त्यांचे.’

तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, ‘आपण मुसलमान आहोत म्हणून ना?’

माझ्या आजच्या लेखाचा विषय हा एक प्रश्न आहे. कारण आई म्हणून माझा निर्णय वयाचा होता, पण मुलाला तो धर्माचा वाटला. आणि त्याच्या मित्रांनाही तसाच वाटणार होता. एका मुलाने वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलेच होते की, हा कसा येईल, त्याच्या आजोबाचाच तर सिनेमा आहे. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. तेरा वर्षांच्या मुलांची ती थट्टा होती, त्यात फार विष शोधू नये. पण तो ‘आजोबा’ कुठून आला? आमच्या घरी तो कधी नव्हता. तो टीव्हीवरून आला, भाषणांतून आला, आणि मुलांच्या तोंडी बसला.

काही भगिनी म्हणतील, सिनेमाच कशाला, सरळ मनाई करावी, प्रश्न मिटला. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण माझा अनुभव सांगते : तिकीट काढण्याआधीच त्या सिनेमाचे तुकडे मुलाच्या फोनवर पोहोचले होते. शेवटच्या छळाच्या प्रसंगानंतर थिएटरात रडणारी, घोषणा देणारी माणसे त्याने रीलमध्ये पाहिली होती. आपण दार लावतो तेव्हा ते खिडकीतून आत आलेले असते. म्हणून मनाईबरोबर बोलणेही भाग आहे.

आधी आम्ही पाहिला

रमजान सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात मी आणि मुलांचे अब्बू दुपारच्या खेळाला गेलो. दोघांचेही मत आधी बनलेले नव्हते. सिनेमा शिवाजी सावंतांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर बेतलेला आहे. लक्ष्मण उतेकर दिग्दर्शक, संभाजी महाराजांच्या भूमिकेत विकी कौशल, औरंगजेबाच्या भूमिकेत अक्षय खन्ना. दोघांचेही काम जोरकस आहे. कारागिरी म्हणून बरेच काही चांगले आहे.

न पटलेले असे की, सिनेमाचा सगळा भर तलवारीवर आहे. संभाजी महाराज संस्कृतात ‘बुधभूषण’ लिहिणारे पंडित होते, अनेक आघाड्यांवर राज्य सांभाळणारे राजे होते. हा माणूस सिनेमात गर्जनांच्या खाली दबून जातो. आणि शेवटचा भाग, जिथे त्यांचा छळ दाखवला आहे, तो इतका लांब आणि इतका जवळून आहे की, मोठ्या माणसाचीही झोप उडावी. माझा मुलगा मुसलमान नसता, तरी तेराव्या वर्षी मी त्याला तो भाग दाखवला नसता. दोन वर्षांपूर्वी दुसरा एक मारधाडीचा सिनेमा त्याने मागितला होता, त्यात औरंगजेब नव्हता, तरी मी नाहीच म्हटले होते. हीच गोष्ट मी त्याला आठवण करून दिली, आणि ती त्याला पटली. मुले आपल्या निर्णयातली संगती बघतात. आज वयाचे कारण सांगायचे आणि उद्या त्याच वयाला दुसरे काहीही चालवून घ्यायचे, तर मूल आपल्या शब्दाला किंमत देत नाही.

मग मी त्याला ती कथा सांगितली. काही लपवले नाही. फेब्रुवारी १६८९ मध्ये महाराज संगमेश्वरला पकडले गेले, मार्चमध्ये त्यांना हालहाल करून मारले, तो हुकूम औरंगजेबाचा होता, आणि ते क्रौर्य होते. हे वाक्य मुस्लिम आईने मुलाला स्पष्ट, पूर्ण आवाजात सांगितले पाहिजे असे माझे मत आहे. ‘पण त्या काळात सगळेच तसे’ अशी शेपटी त्याला जोडू नये. सूरह अन-निसामध्ये न्यायावर ठाम राहण्याची जी आज्ञा आहे, ती स्वतःच्या आणि आईबापांच्या विरुद्ध साक्ष द्यावी लागली तरी लागू आहे. औरंगजेब तर आपला कोणी लागतही नाही. त्याने सख्ख्या बापाला कैदेत ठेवले, भाऊ दारा शिकोहला मारवले, १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा ही दोन मुस्लिम राज्ये बुडवली. खुलताबादला त्याची कबर उघड्या आभाळाखाली, अगदी साधी आहे. ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिचे काय करायचे ते कायदा बघेल. माझ्या मुलाला ना तिची राखण करायची आहे, ना तिच्याबद्दल खुलासे द्यायचे आहेत.

यादी पाठ करून घेऊ नका

अशा वेळी आपल्या घरांत एक ठरलेले औषध दिले जाते. शिवाजी महाराजांच्या आरमारातला दौलतखान, चिटणिशीतला काझी हैदर, घोडदळातला सिद्दी हिलाल अशी यादी मुलाकडून पाठ करून घेतात. नावे खरी आहेत, इतिहास खरा आहे. पण मला हा उपाय आवडत नाही. का, ते सांगते.

मूल ही यादी इतिहास म्हणून पाठ करत नाही, चारित्र्याचा दाखला म्हणून पाठ करते. कोणी डिवचले की ती खिशातून काढायची. म्हणजे डिवचणाऱ्याचा हक्क आपण मान्यच केला. शिवाजी महाराज या मातीतल्या प्रत्येक मुलाचे आहेत. दौलतखान आरमारात नसता, तरी ते माझ्या मुलाचे राहिलेच असते. रायगडाच्या सहलीला जाताना कोणत्याही मुलाला यादी दाखवून आत शिरावे लागत नाही.

यादीऐवजी मी त्याला आपल्या शहराची गोष्ट सांगितली, जी कोणाच्याच सोयीची नाही. नागपूर वसवले ते देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने, १७०२ च्या सुमारास, बारा वाड्या एकत्र करून. राज्याच्या वारसाहक्काच्या भांडणात तो औरंगजेबाकडे मदत मागायला गेला, तिथे त्याने इस्लाम स्वीकारला, आणि बख्त बुलंद म्हणजे थोर नशिबाचा, हे नाव त्याला त्या दरबाराने दिले. पुढे बादशहा दख्खनच्या लढायांत अडकला तेव्हा याच बख्त बुलंदने बंड केले आणि मुघलांचा मुलूख लुटला. चिडून औरंगजेबाने फर्मावले की, याला आता ‘निगूं बख्त’ म्हणा, म्हणजे फुटक्या नशिबाचा.

हे ऐकून मुलगा खूप हसला. बादशहाने दिलेले नाव बादशहानेच रागाने परत घ्यावे, हे त्याला शाळेतल्या टोपणनावांसारखे वाटले. मग त्याने विचारले, ‘म्हणजे तो कोणाच्या बाजूचा?’ मी म्हटले, ‘तूच ठरव.’ दोन दिवसांनी म्हणाला, ‘तो नागपूरच्या बाजूचा होता.’ मी त्यावर काही बोलले नाही.

पुढची गोष्ट आम्ही चालत पाहिली. बख्त बुलंदचा मुलगा चाँद सुलतान याने राजधानी देवगडहून नागपूरला आणली, शहराला कोट आणि दरवाजे बांधले. त्यातला जुम्मा दरवाजा म्हणजे आजचे महालातले गांधी गेट. जुम्मा तलाव म्हणजे शुक्रवारी तलाव, आजचा गांधीसागर. एकाच पाण्याला तीन नावे मिळाली, आणि पाणी काही बदलले नाही. चाँद सुलतानच्या पश्चात वारसाचा वाद पेटला, तेव्हा त्याच्या विधवा राणीने रघुजी भोसल्यांची मदत मागितली. तिथून भोसल्यांचे राज्य इथे रुजले. त्याच भोसले घराण्यातल्या राजांनी १९०८ मध्ये हजरत बाबा ताजुद्दीन यांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून सन्मानाने आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात नेले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबांचे निधन झाले, त्याला २०२५ मध्ये शंभर वर्षे झाली. दर्ग्यांबाबत आपल्या वाचकांत वेगवेगळी मते आहेत, त्यात मी शिरत नाही. मुलाला मी एवढेच सांगितले की, या शहरात मराठा राजा आणि मुसलमान फकीर एका वाड्यात राहिले, आणि कोणी सिनेमा काढला नाही.

सोळाव्या रोजाची संध्याकाळ

१७ मार्चला सोळावा रोजा होता. त्याच दिवशी तिथीप्रमाणे शिवजयंती होती. महालात, गांधी गेटजवळच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यासमोर विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दलाने औरंगजेबाची कबर हटवा म्हणून निदर्शने केली, प्रतीकात्मक कबर जाळली. तिच्यावर हिरवे कापड होते. दुपारपासून बातमी फिरू लागली की, त्या चादरीवर कुरआनच्या आयती होत्या. इफ्तारनंतर महालात चिटणीस पार्कच्या भागात जमाव आमनेसामने आले, दगडफेक झाली, गाड्या पेटल्या. रात्री उशिरा हंसापुरीत पुन्हा तेच. तीसहून जास्त पोलीस जखमी झाले. एक जखमी तरुण पुढे २२ मार्चला दवाखान्यात मरण पावला. अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. कोतवाली, गणेशपेठ, तहसील, लकडगंज अशी ती नावे होती. धंतोली त्यात नव्हती.

धंतोली त्यात नव्हती, म्हणजे काय, हे मला पुढच्या पाच-सहा दिवसांत कळले. आमच्या दाराबाहेर सगळे रोजच्यासारखे. दवाखाने उघडे, रसवंती चालू, मुले बॅट घेऊन गल्लीत. आणि फोनवर दुसरे शहर. मुलांच्या अब्बूंच्या खाला भालदारपुऱ्यात, त्यांचा आवाज फोनवर इतका हळू की भिंतीला ऐकू जाईल अशी भीती. महालातल्या एक आजी आमच्या जुन्या ग्राहक, दर महिन्याला इन्शुलिन नेतात. त्यांच्या सुनेचा फोन आला : ताई, दोनच दिवसांचे उरले आहे, गल्लीच्या तोंडाशी बॅरिकेड आहे. औषधांना सूट असते, पण सूट कागदावर असते आणि बॅरिकेडवर शिपाई असतो. शेवटी आमच्या दुकानात काम करणाऱ्या पोराने, जो स्वतः सक्करदऱ्याकडचा आणि जातीने कुणबी, दुकानाचे बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेऊन बर्फाच्या पिशवीत ते इंजेक्शन पोहोचवले. खालांच्या बीपीच्या गोळ्याही त्यानेच नेल्या. आम्ही जाऊ नये असे त्यानेच आम्हाला सांगितले. कोणी कोणाला जाऊ नको म्हणतो, यावरून त्या दिवसांत बरेच काही कळत होते.

त्याच रात्री मुलाच्या फोनवर जळत्या चादरीचा व्हिडिओ आला. एका नात्यातल्या मुलाने पाठवला होता, खाली लिहिले होते की, सगळ्यांना पाठवा. व्हिडिओत अक्षरे दिसत नव्हती, धूर दिसत होता. मुलाचे हात थरथरत होते. ‘अम्मी, आयती जाळल्या.’ मी विचारले, ‘तू वाचल्यास? कोणत्या आयती?’ तो पुन्हा पुन्हा व्हिडिओ मागे नेत राहिला. सूरह अल-हुजुरातमध्ये आज्ञा आहे की, बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी तपासा, नाहीतर अजाणतेपणी कोणावर घाला घालाल आणि मग पस्तावाल. ही आयत त्याने मदरशात पाठ केली होती. त्या रात्री ती पहिल्यांदा त्याच्या कामी आली. त्याने तो व्हिडिओ पुढे पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितले की, चादरीवर आयती असल्याची ती अफवा होती.

मला इथे आपल्या लोकांशी स्पष्ट बोलायचे आहे. भावना दुखावणे आणि दगड उचलणे यांच्यामध्ये एक रस्ता आहे, पोलीस ठाण्याचा आणि न्यायालयाचा. तो लांब आहे, कधी कधी अपमानाचाही आहे. तरीही रमजानच्या संध्याकाळी, तोंडात खजूर असताना जो मुलगा दगड उचलतो, त्याच्या हातात तो दगड अफवेने दिलेला असतो, आणि त्याची किंमत भालदारपुऱ्यातल्या खाला मोजतात. जखमी पोलीसही कोणाची तरी मुले आहेत.

आणि सरकारशीही तितकेच स्पष्ट बोलायचे आहे. मुख्यमंत्र्यांनी त्याच निवेदनात म्हटले की, ‘छावा’मुळे लोकांच्या औरंगजेबाविषयीच्या भावना प्रज्वलित झाल्या, मात्र आपण सिनेमाला दोष देत नाही. भावना प्रज्वलित होत आहेत हे दिसत होते, तर त्यांच्यावर पाणी टाकायचे काम कोणाचे होते? कित्येक आठवडे मंत्री आणि पुढारी कबरीवर बोलत होते. एका आमदाराने औरंगजेबाची स्तुती केली आणि ५ मार्चला तो निलंबित झाला, म्हणजे आग दोन्हीकडून फुंकली जात होती. २४ मार्चला अटकेतल्या एका आरोपीचे घर महापालिकेने बुलडोझरने पाडले. त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पाडकामाला स्थगिती दिली, पण तोवर ते घर उरले नव्हते. आरोपी दोषी आहे की नाही हे न्यायालय ठरवेल. पण घरात राहणाऱ्या बाकीच्यांचा गुन्हा कोणता, हे माझ्या मुलाने विचारले, आणि त्याला सांगायला माझ्याजवळ उत्तर नाही. एक गोष्ट मात्र मी त्याला वाचून दाखवली. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या प्रचारप्रमुखांनी त्याच आठवड्यात म्हटले की, औरंगजेब आज प्रासंगिक नाही. संघाचे मुख्यालय महालातच आहे. हे वाक्य पंधरा दिवस आधी आले असते तर बरे झाले असते.

राजकारण म्हणजे कबर नव्हे

मुलांना राजकारणापासून दूर ठेवावे असे बरेच पालक म्हणतात. माझे मत उलट आहे. आपण दूर ठेवले तर त्यांना राजकारण म्हणजे एवढेच कळेल : कबर, चादर, घोषणा. म्हणून दर हिवाळी अधिवेशनात मी मुलांना यशवंत स्टेडियमच्या बाजूने चालत नेते. तिथे अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शिक्षक, शेतकरी, निरनिराळे मोर्चे जमतात. राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसे रस्त्यावर बसून भाकर खात असतात. धाकटीने एकदा विचारले, या मावशी इथे का झोपल्या? मी म्हटले, त्यांना पगार वाढवून हवा आहे, आणि सरकार जवळच्याच इमारतीत बसले आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी याच शहरात गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली, त्यांचे स्मारक झिरो माइलजवळ आहे, तेही दाखवले. महापालिकेत मार्च २०२२ पासून २०२५ मध्येही नगरसेवक नव्हते, प्रशासक होता, म्हणून आपल्या गल्लीतल्या गटाराची तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्नसुद्धा राजकारण आहे, हेही त्याला ठाऊक आहे.

सिनेमाच्या बाबतीतही असेच. नको म्हणताना हातात दुसरे काहीतरी द्यावे लागते. आम्ही घरी सगळ्यांनी मिळून नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ पाहिला. आपल्या नागपूरचा सिनेमा, विजय बारसे सरांच्या झोपडपट्टी फुटबॉलवर आधारलेला. त्यातली आदिवासी मुलगी बापाबरोबर कागदपत्रांसाठी दारोदार फिरते, आपण इथलेच आहोत हे सिद्ध करायला. तो भाग सुरू असताना आमच्या मुलाने सिनेमा थांबवला आणि म्हणाला, ‘हिलापण विचारतात?’ त्या ‘पण’मध्ये त्याचा सगळा फेब्रुवारी-मार्च होता. आपल्या एकट्यालाच दाखला मागितला जातो, असे ज्या मुलाला वाटते ते कडवट होते. दाखला मागितले जाणारे आणखीही लोक आहेत हे कळले की ते इतरांकडे पाहायला शिकते.

आमच्या घरचे काही नियम

वाचक भगिनींना उपयोग व्हावा म्हणून, आमच्या घरी आता जे ठरले आहे ते लिहिते. सगळ्यांना पटेलच असे नाही.

वयाचे प्रमाणपत्र आम्ही पाळतो, सिनेमा कोणाच्याही बाजूचा असो. वादाचा सिनेमा आधी आम्ही दोघांपैकी एकजण पाहतो आणि मग बोलतो, न पाहता मत देत नाही. जळणारी, रक्ताची, मारहाणीची कोणतीही चित्रफीत घरातल्या कोणाच्याही फोनवरून पुढे जात नाही, दादीच्यासुद्धा. हा नियम दादींना सगळ्यात जड गेला. शाळेत कोणी औरंगजेबावरून चिडवले तर मुलाने एकदा सरळ म्हणायचे, ‘तो माझा कोणी नाही, चल खेळू.’ दुसऱ्यांदा झाले तर घरी सांगायचे. तिसऱ्यांदा झाले तर मी शाळेत जाईन. ग्रुपवरच्या त्या थट्टेबद्दल मी शाळेत गेले नाही, ती लिहिणाऱ्या मुलाच्या आईला फोन केला. ती म्हणाली, ‘अगं, मला दाखव तरी काय लिहिलं त्याने.’ वाचून ती बराच वेळ काही बोलली नाही. ईदला, ३१ मार्चला, तो मुलगा शीरखुर्मा खायला आला. दोघांनीही त्या विषयाचे नाव काढले नाही, दोन वाट्या संपवून गल्लीत खेळायला निघून गेले.

आणि शेवटचे, आवाजाबद्दल. सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला उपदेश करतो, त्यात तौहीद आहे, नमाज आहे, सब्र आहे, आणि शेवटी चालीत मध्यमपणा ठेव, आवाज खाली ठेव, हेही आहे. एवढ्या मोठ्या गोष्टींच्या शेजारी आवाजाची गोष्ट का, असे मला लहानपणी वाटायचे. त्या वर्षी नागपुरात राहून त्याचा अर्थ रोज कळत गेला. सिनेमाचा आवाज मोठा, चॅनलचा मोठा, सभेचा मोठा. घरात आईबापाने त्याहून मोठा आवाज काढला तर मुलाला ऐकू येण्यासारखे काहीच उरत नाही.

पुढच्या वर्षी आणखी एखादा सिनेमा येईल, आणखी एखादी कबर निघेल. मुलगा अजून कधीतरी विचारतो की, मीच का सांगायचे मी कोण आहे ते. मी त्याला म्हणते, तू कोणाला सांगू नकोस, तू बारावीपर्यंत नीट शीक आणि अठराव्या वर्षी मतदार यादीत नाव घाल. त्याला हे उत्तर अर्धेच वाटते. मलाही. उरलेले अर्धे आपण सगळ्या आईबापांनी मिळून शोधायचे आहे, म्हणून आपल्या घरी अशा वेळी काय केले, मुलांनी काय विचारले, ते जरूर लिहून कळवा. अल्लाह तआला आपल्या मुलांना खरे ओळखण्याची बुद्धी, खरे बोलण्याची हिंमत आणि सर्वांशी न्यायाने वागण्याची तौफिक देवो. आमीन.